सगळ्यांच्या सायकलीत बसलेला तुलिओ

सेकंडहँड गिअरची सायकल घेतलेल्या कुणालाही विचारा, हा किस्सा त्याच्याकडे असतोच. मागचा डिरेलर एका कंपनीचा, हँडलवरचा शिफ्टर दुसऱ्या कंपनीचा आणि चेन कुठली ते दुकानदारालाही माहीत नाही. माझ्या सायकलचंही तेच. नवी कॅसेट बसवून आणली, आठही चक्रं चकचकीत. पण चौथा गिअर टाकला की चेन चौथ्या आणि पाचव्याच्या मधे करकर करत बसायची. मेकॅनिककाकांनी दोनदा वायर ताणली, एकदा सैल केली आणि शेवटी हात पुसत सांगितलं, कंपनी मॅच होत नाहीये.

मग डोक्यात किडा वळवळायला लागला. सायकल म्हणजे शेवटी चेन आणि चक्रं. त्यात कंपनी मॅच व्हायची भानगड आली कुठून? शोधता शोधता मी इटलीतल्या एका माणसापाशी पोचले. तुलिओ काम्पान्योलो. रेसिंग सायकलवाल्यांमध्ये हे नाव माहीत नाही असा कुणी सापडणार नाही. त्याला जाऊन चाळीसहून जास्त वर्षं झालीत, पण तुमच्या सायकलवर कंपनीचं नाव कुठलंही असो, त्यात तो थोडा तरी असतोच.

तुलिओचा जन्म 26 ऑगस्ट 1901चा, उत्तर इटलीतल्या विचेन्झा शहरातला. वडिलांचं हार्डवेअरचं दुकान होतं. खिळे, नट, बोल्ट, कानशी यांच्यातच पोरगा मोठा झाला. सायकल रेसिंगचा नाद लागला आणि 1920च्या दशकात तो हौशी स्पर्धांमध्ये उतरायला लागला. मोठा चॅम्पियन कधीच झाला नाही. पण रस्त्यात सायकल बिघडली की नेमकं काय अडतंय, हे बघायची नजर दुकानातून आलेली होती.

तेव्हा गिअर बदलणं म्हणजे काय प्रकार होता, ते ऐका. मागच्या चाकाला दोन बाजूंना दोन वेगवेगळ्या आकारांची चक्रं असायची. चढ आला की सायकलवरून उतरायचं, चाकाचे पंखाच्या आकाराचे नट हाताने सैल करायचे, चाक काढायचं, उलटं करून पुन्हा बसवायचं आणि नट आवळायचे. उतार लागला की परत तेच. फ्रान्समध्ये डिरेलर आलेले होते, पण टूर द फ्रान्सच्या आयोजकांना ती पळवाट वाटायची. 1937पर्यंत त्या शर्यतीत डिरेलरला बंदीच होती.

अशाच एका शर्यतीत, नोव्हेंबरच्या बर्फात, क्रोचे द'आउने नावाच्या घाटात तुलिओला चाक काढायचं होतं. बोटं इतकी गारठली होती की नट फिरेचना. बाकीचे पुढे निघून गेले आणि हा तिथेच अडकला. या गोष्टीच्या तपशिलांवर सायकलचे इतिहासकार आजही वाद घालतात. पण ती इतकी प्रसिद्ध आहे की त्या घाटात तुलिओचं स्मारक उभं राहिलंय.

त्याच्या नावाशी कायमचं जोडलं गेलेलं उत्तर म्हणजे क्विक रिलीज. पोकळ ॲक्सलमधून आरपार जाणारी बारीक सळई, एका टोकाला नट, दुसऱ्या टोकाला खटका. खटका दाबला की चाक घट्ट, उघडला की मोकळं. पाना लागत नाही, बोटांत जोर लागत नाही. आणि मुख्य म्हणजे ते वापरायला सायकल तुलिओची असायची गरज नव्हती. फ्रेम कुणाचीही चालत होती.

1933 साली त्याने विचेन्झामध्ये स्वतःच्या नावाने कंपनी सुरू केली. सुरुवात छोटीच होती. 1940च्या दशकात त्याने आणलेला डिरेलर आज बघितला तर हसू येईल. सीटखालून मागे जाणाऱ्या दांड्यावर दोन लिव्हर. चालत्या सायकलवर मागे वाकून एका लिव्हरने चाक सैल करायचं, पॅडल उलटं मारायचं, दुसऱ्या लिव्हरने चेन सरकवायची आणि चाक पुन्हा आवळायचं. सर्कसच म्हणा. पण 1948 साली जिनो बार्ताली यावरच टूर द फ्रान्स जिंकला. आधीचं विजेतेपद 1938चं, म्हणजे तब्बल दहा वर्षांनी.

त्यानंतर तुलिओने ग्रान स्पोर्ट नावाचा डिरेलर आणला. चार सांध्यांची चौकट तिरकी होत जाते आणि चेन शेजारच्या चक्रावर ढकलते. आजच्या डिरेलरची मूळ रचना हीच. या कल्पनेचा पहिला मान मात्र त्याचा नाही. फ्रेंच कारागिरांनी असे डिरेलर आधीच केले होते. तुलिओने ती गोष्ट इतकी नेमकी आणि दणकट बनवली की रेसर तिच्यावर डोळे झाकून भरवसा ठेवायला लागले.

आता येतो आपल्या करकरीचा मुद्दा. त्या काळातली रेसिंग सायकल म्हणजे सगळी भेळ असायची. डिरेलर आणि हब तुलिओचे, चेन आणि मागचं फ्रीव्हील रेजिना कंपनीचं, क्रँक कधी फ्रान्सच्या स्ट्राँगलाइटचा, ब्रेक युनिव्हर्सलचे नाहीतर माफाकचे. तरी गिअर मस्त पडायचे. कसे काय?

एक कारण चेनमध्ये. चेनच्या एका पिनपासून दुसऱ्या पिनपर्यंतचं अंतर सगळ्यांनी अर्धा इंच, म्हणजे 12.7 मिलीमीटर मानलं होतं. त्यामुळे कुणाचीही चेन कुणाच्याही दात्यांवर बसायची. दुसरं कारण लिव्हर. तेव्हा लिव्हरला आजच्यासारखे क्लिक नव्हते. ती घर्षणावर चालायची, हवी तिथे थांबायची. चेन कुरकुरली की रेसर लिव्हर केसभर पुढेमागे करायचा आणि आवाज बंद. सुटे पार्ट एकमेकांशी जुळवायचं काम माणसाचे कान आणि बोटं करायची.

तिसरं कारण तुलिओचा धंदा. पॅडलचा ॲक्सल फ्रेममध्ये जिथे बसतो, तिथले आटे देशागणिक वेगळे. इंग्लिश फ्रेमला 1.37 इंच व्यास आणि इंचाला 24 आटे. फ्रेंच फ्रेमला 35 मिलीमीटर व्यास आणि दोन आट्यांत 1 मिलीमीटर अंतर. इटालियन लोकांनी तर कहरच केलेला, व्यास 36 मिलीमीटर, पण आटे इंचाला 24! माझ्याच देशाचे आटे वापरा म्हणत तुलिओ अडून बसला नाही. त्याने तो पार्ट तिन्ही प्रकारांत बनवला. शिवाय मागचं चाक अडकतं ते फ्रेमचं टोकही तो बनवून फ्रेमवाल्यांना विकायचा. त्याला डिरेलर लावायला खाली एक आट्यांचं भोक असायचं. हळूहळू बाकीच्या कंपन्यांचे डिरेलरही तसल्याच भोकात बसायला लागले.

पण याच तुलिओने हळूहळू सगळंच स्वतः बनवायला घेतलं. 1950च्या दशकाच्या शेवटी रेकॉर्ड नावाचा क्रँक आला, पॅडल आले, 1968च्या सुमाराला ब्रेक आले. एकाच नावाचा, एकाच चकाकीचा पूर्ण सेट तयार झाला. आज आपण ज्याला ग्रुपसेट म्हणतो ती सवय रेसिंगच्या जगाला लावण्यात त्याचा वाटा फार मोठा आहे. पार्ट उत्तमच होते, पण महाग. आता सायकलवाल्याला भेळ खटकायला लागली. सगळं एकाच घरचं हवं, अशी हाव सुटली.

तरी भेळ संपली नव्हती. 25 ऑक्टोबर 1972ला मेक्सिको सिटीत एडी मर्क्सने एका तासात 49.431 किलोमीटर कापून विक्रम केला. त्याची सायकल एर्नेस्तो कोल्नागोने तयार केलेली, बरेचसे पार्ट तुलिओचे आणि वजन कमी करायला भोकं पाडलेली चेन रेजिनाची. जगातल्या त्या वेळच्या सर्वांत वेगवान सायकलवरही एकच कंपनी नव्हती.

तुलिओचा हात सायकलपुरता थांबला नाही. रेसिंग कारसाठी त्याच्या कारखान्यात मॅग्नेशियमची चाकं बनली. वाइनचं बूच काढायचं एक भलंमोठं यंत्रही त्याने बनवलं, आणि ते आजही विकलं जातं.

फेब्रुवारी 1983 मध्ये तुलिओ गेला. कंपनीचं ते पन्नासावं वर्ष. कारभार मुलाकडे, व्हालेंतिनोकडे आला. आणि पुढच्याच वर्षी, 1984 मध्ये जपानच्या शिमानोने क्लिकवाला शिफ्टर आणला. एक क्लिक, एक गिअर. कान लावायची गरज नाही, बोटांना सराव नको. नवख्यालाही जमेल असं. फक्त त्यासाठी शिफ्टर किती वायर ओढतो, तेवढ्या वायरला डिरेलर किती सरकतो आणि दोन चक्रांत किती अंतर आहे, हे तिन्ही हिशेब जुळायला हवेत. जुळवायचं काम माणसाकडून पार्टांकडे गेलं.

पुढे 8 गिअरच्या कॅसेट आल्या. शिमानोच्या दोन चक्रांमधलं अंतर 4.8 मिलीमीटर, काम्पान्योलोचं 5. फरक अवघा 0.2 मिलीमीटर. पण पहिल्या चक्रापासून आठव्यापर्यंत जाताना सात वेळा तो जमा होतो आणि 1.4 मिलीमीटर होतो. एका टोकाला गिअर बरोबर लावला की दुसऱ्या टोकाला करकर आलीच. काम्पान्योलोनेही 1987 मध्ये क्लिकवाला शिफ्टर आणला. वेगवेगळ्या फ्रीव्हीलशी जमावं म्हणून त्यात आतल्या चकत्या बदलायची सोय ठेवली होती. हेतू तुलिओच्या जुन्या धंद्यासारखाच, पण शिमानोइतके नेमके गिअर काही पडले नाहीत. सगळ्यांशी जमवून घेण्यापेक्षा आपला सेट आपल्यातच नीट जमवणं सोपं होतं. बाजार त्याच दिशेला गेला.

यात आपला फायदा झालाच. हायवेवर ट्रक मागून येत असताना लिव्हर केसभर सरकवत बसावं लागत नाही, ही छोटी गोष्ट नाही. किंमत एवढीच की एक पार्ट गेला की त्याच्या जोडीदाराचा विचार करावा लागतो. म्हणून सेकंडहँड सायकल घेताना शिफ्टर, मागचा डिरेलर आणि कॅसेट या तिघांचं जमतं का, ते आधी बघा. 6 ते 8 गिअरची चेन बहुतेक वेळा दुसऱ्या कंपनीची चालते. पॅडलचंही सहसा अडत नाही.

मी काय केलं? जुन्या बाजारातून बिनक्लिकची एक लिव्हर शोधून आणली. कॅसेट तीच, डिरेलर तोच. पहिले दोन दिवस प्रत्येक गिअर चुकला, तिसऱ्या दिवशी कानांना कळायला लागलं. आता चौथा गिअर करकरला की मी लिव्हर जराशी पुढे ढकलते आणि तो गप्प होतो. माझ्या सायकलवर काम्पान्योलो हे नाव कुठेही नाही. पण पंक्चर काढायला मागचं चाक सोडवायचं असलं, की मी तुलिओच्याच पद्धतीचा खटका उघडते.