येरवडा तुरुंगाशेजारचं 'विमानतळ'

पुण्याहून दिल्लीची फ्लाइट दोन-सव्वादोन तासांची. पण घरून निघून गुंजन चौकात सिग्नलला अडकलात की कळतं, अंतर आणि प्रवासाचा वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हे गणित नव्वद वर्षांपूर्वी एका माणसाने नीट ओळखलं होतं, आणि ते सोडवताना त्याने तुमच्या येरवड्याचीच मदत घेतली होती. तो माणूस म्हणजे जे. आर. डी. टाटा.

जन्म १९०४चा, पॅरिसचा. लहानपणीच विमानाचं वेड लागलं. १९२९मध्ये लायसन्स मिळालं, भारतातलं पहिल्या नंबरचं! त्याच सुमारास आगाखानांनी बक्षीस लावलं : इंग्लंड-भारत अंतर, कोणत्याही दिशेने, एकट्याने विमानातून कापणाऱ्या पहिल्या भारतीयासाठी. हे आगाखान म्हणजे नगर रोडवरचा आगाखान पॅलेस बांधणारेच. जेआरडी कराचीहून लंडनला निघाले. वाटेत इजिप्तमध्ये त्यांना उलट दिशेने येणारा स्पर्धक भेटला, सतरा वर्षांचा अस्पी इंजिनियर. स्पार्क प्लगसाठी अडकून पडलेला. जेआरडींनी आपल्याकडचा जादा प्लग त्याला देऊन टाकला. बक्षीस अस्पीने जिंकलं, तेही थोडक्यात. हाच अस्पी पुढे हवाई दलप्रमुख झाला.

१५ ऑक्टोबर १९३२ला जेआरडींनी टपाल घेऊन कराचीहून उड्डाण केलं. विमान एका इंजिनाचं, 'पस मॉथ'. अहमदाबादमार्गे सुमारे हजार किलोमीटर. सकाळी निघून दुपारी दोनच्या आत ते मुंबईत जुहूला उतरले. तिथून सहकारी नेव्हिल व्हिन्सेंट टपाल घेऊन मद्रासकडे गेले. आजचं जेट कराची-मुंबई अंतर दीडेक तासात कापेल. पण तेव्हा रेडिओ नाही, धावपट्टीवर दिवे नाहीत.

खरी परीक्षा पावसाळ्यात. जुहूचं मैदान पाण्याखाली जायचं. मग सेवा बंद ठेवायची का? मुळीच नाही! विमानं, पायलट, मेकॅनिक असा सगळा बाडबिस्तरा पुण्याला हलायचा आणि विमानं उतरायची चक्क येरवडा तुरुंगाच्या सावलीतल्या मैदानात. म्हणूनच १९३३-३४च्या सरकारी अहवालात या टपालसेवेच्या शंभर टक्के वक्तशीरपणाचं कौतुक झालं, भर पावसाळ्यासकट.

वेग मशीन देतं, वेळ माणूस पाळतो. जेआरडींचं सगळं काम या एका गोष्टीवर उभं होतं. याच टपालसेवेतून एअर इंडिया उभी राहिली. १९४८मध्ये तिचं विमान मुंबईहून कैरो, जिनिव्हामार्गे लंडनला पोचलं. १९५३मध्ये कंपनी सरकारची झाली, तरी १९७८पर्यंत तिचे अध्यक्ष जेआरडीच होते.

१९८२मध्ये पहिल्या उड्डाणाला पन्नास वर्षं झाली. तेव्हा वयाच्या ७८व्या वर्षी, तसल्याच जुन्या बनावटीच्या विमानातून, ते पुन्हा एकटे कराचीहून मुंबईला आले. १९९३मध्ये ते गेले. विमानं आता कितीतरी पटींनी वेगवान झालीत, पण पावसाचं कारण न सांगता वेळ पाळणं आजही तेवढंच अवघड आहे. नाही का?