विश्लेषण : आबेईचे देंग माजोक कोण होते? त्यांचा १९५१चा निर्णय आजही का चर्चेत?

सुदानपासून दक्षिण सुदान २०११ मध्ये वेगळा झाला. मात्र दोघांच्या सीमेवरील आबेई प्रदेश नेमका कोणाचा, हे अद्याप ठरलेले नाही. संयुक्त राष्ट्रांच्या तेथील शांतिसेनेत भारताने जानेवारी २०२३ मध्ये महिला सैनिकांची तुकडी पाठवली होती. हा वाद समजून घ्यायचा, तर न्गोक डिंका जमातीचे सर्वोच्च प्रमुख देंग माजोक यांची कारकीर्द पाहावी लागते.

प्रमुखपद कसे मिळाले?

डिंका हा नाईल खोऱ्यातील पशुपालक समाज. त्यांच्या बहुतेक शाखांमध्ये एकच मोठा प्रमुख नसे. न्गोक मात्र अपवाद होते. त्यांच्या नऊ उपशाखांवर पाजोक घराण्याचा प्रमुख असे आणि पवित्र भाले ही त्याच्या अधिकाराची खूण. वडील कुओल आरोब यांच्यानंतर सावत्र भावाशी झालेल्या चुरशीत देंग माजोक यांनी ब्रिटिश प्रशासनाच्या पाठबळावर १९४०च्या दशकात सत्ता मिळवली.

कारभार कसा चाले?

प्रमुखाची खरी ताकद तडजोड घडवण्यात होती. खून झाला तरी मृताच्या कुटुंबाला गाई भरपाई देऊन वैर मिटवले जाई. लग्नातही वधूच्या घरी गाई द्याव्या लागत. देंग माजोक यांनी सुमारे २०० लग्ने केली. त्यातून दूरदूरच्या कुळांशी सोयरीक जुळली, पण इतक्या गाई उभ्या करताना घरात नाराजीही वाढली.

निर्णय काय होता?

न्गोक आणि शेजारचे अरब पशुपालक मिसेरिया यांच्यातील संघर्ष आवरण्यासाठी ब्रिटिशांनी १९०५ मध्ये न्गोक प्रदेश उत्तरेकडील कोर्दोफान प्रांताला जोडला होता. १९५१ मध्ये दक्षिणेत जाण्याचा पर्याय समोर आला, तेव्हा देंग माजोक यांनी उत्तरेतच राहणे पसंत केले. उन्हाळ्यात मिसेरिया आपली गुरे घेऊन कीर नदीकाठी येत. चराईचे तंटे मिटवायचे तर एकाच प्रशासनात राहणे सोयीचे, असा त्यांचा हिशेब होता. मिसेरियांचे प्रमुख बाबो निमिर यांच्याशी मैत्रीही होती.

पुढे काय झाले?

सुदानमधील यादवी युद्धाने हा हिशेब मोडला. १९६५ मध्ये दोन्ही समाजांत मोठा हिंसाचार झाला. १९६९ मध्ये देंग माजोक यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, त्यांच्यानंतर प्रमुख झालेल्या मुलाची हत्या झाली. २००५ च्या शांतता करारात आबेईसाठी सार्वमत ठरले. २००९ मध्ये हेगच्या लवादाने सीमा आखली. पण मत देण्याचा हक्क फक्त न्गोकांना की मिसेरियांनाही, यावर घोडे अडले. २०११ मधील नियोजित सार्वमत झालेच नाही. मे २०१३ मध्ये देंग माजोक यांचे आणखी एक पुत्र, तेव्हाचे सर्वोच्च प्रमुख कुओल देंग, संयुक्त राष्ट्रांच्या ताफ्यासोबत असताना हल्ल्यात मारले गेले.

देंग माजोक यांच्या काळात चराईचा तंटा दोन प्रमुख बसून सोडवत. आता त्याच कुरणांवरून दोन देशांची सीमा अडली आहे.