गुंजेचे विष आणि आईचे दूध

पॉल एर्लिख यांचे नाव निघते ते बहुधा १९१० साली आलेल्या ‘साल्व्हरसान’ या उपदंशावरील औषधामुळे. मला मात्र त्यांचे त्याआधीचे, उंदरांवरचे काम अधिक मोलाचे वाटते. त्याचा धागा आपल्याकडच्या बाळंतिणीच्या खोलीपर्यंत येऊन पोहोचतो.

एर्लिख यांचा जन्म १८५४ साली प्रशियातील श्ट्रेलेन या गावी, एका ज्यू कुटुंबात झाला. आज हे गाव पोलंडमध्ये आहे. विद्यार्थिदशेतच त्यांना रंगांचे वेड लागले. कोणता रंग कोणत्या पेशीला धरतो, हे पाहण्यात ते तहानभूक विसरत. पुढे क्षयाने गाठले. इजिप्तच्या कोरड्या हवेत राहून ते १८८९ साली परतले आणि बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या संस्थेत दाखल झाले.

प्रयोगांसाठी त्यांनी दोन जहाल विषे घेतली. एक एरंडीच्या बीतले रिसिन. दुसरे, आपले सोनार जिने सोने तोलत त्या गुंजेतले ॲब्रिन. मात्रा थोडी थोडी वाढवत नेली, तेव्हा एरवी प्राण घेणारे विष उंदीर पचवू लागले. ही शक्ती पिलांत कशी उतरते? बाप विषाला सरावलेला असून उपयोग नसे. आई सरावलेली असेल, तर पिले काही काळ तग धरत. मग त्यांनी पिलांची अदलाबदल केली. साध्या मादीची पिले सरावलेल्या मादीच्या अंगावर पाजली, तर तीही विषाला दाद देईनात. १८९२ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दुधातून पोषणाबरोबर संरक्षणही मिळते, हे त्यातून सिद्ध झाले.

माणसात थोडा फरक आहे. रक्तातली प्रतिपिंडे बाळाला जन्मापूर्वी वारेतून मिळतात. दुधातली मुख्यतः आतड्याच्या अस्तरावर पहारा देतात. पुढे दुधात लेप्टिनसारखी संप्रेरके आणि पेशींच्या वाढीला चालना देणारी प्रथिनेही सापडली. प्रतिपिंडांचा साठा सर्वांत दाट असतो तो पहिल्या चिकात.

रोगप्रतिकारशक्तीवरील कार्याबद्दल एर्लिख यांना १९०८ साली मेच्निकॉफ यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. १९१५ साली ते निवर्तले. गाईम्हशीच्या चिकाचा खरवस आपण आवडीने खातो. आईचा चीक मात्र जड म्हणून पिळून टाकायचा आणि बाळाला मध चाटवायचा, ही रीत अजून पुरती गेलेली नाही. बाळंतिणीच्या उशाशी बसणाऱ्या वडीलधाऱ्यांना एर्लिख यांच्या उंदरांची ही हकिकत कुणीतरी सांगायला हवी.