कार्लो अबार्थ: ज्यांच्या सायलेन्सरने रेसिंगचा खर्च भागवला

जुनी गाडी रिस्टोअर करणारे मला नेहमी एक प्रश्न विचारतात: मूळचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड आतून घासून घ्यायचा, की सरळ हेडर विकत आणायचे? तेव्हा मला कार्लो अबार्थ आठवतात.

त्यांचा जन्म १९०८ चा, व्हिएन्नातला. तरुणपणी ते मोटरसायकल रेसर होते. साइडकार लावलेल्या बाइकवरून त्यांनी चक्क ओरिएंट एक्सप्रेस रेल्वेशी शर्यत लावली होती! पुढे मोठ्या अपघातामुळे रेसिंग सुटलं. युद्धानंतर ते इटलीत चिसितालिया कंपनीत गेले. तीही बुडाली, तेव्हा १९४९ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. लोगोवर आला त्यांच्या वृश्चिक राशीचा विंचू.

रेसिंगला पैसा लागतो. तो आला साध्या गाड्यांसाठी विकलेल्या सायलेन्सरमधून. जुना काढा, नवा बसवा, काम झालं.

एक्झॉस्ट बदलून काय होतं?

जळलेला वायू इंजिनातून झटक्याझटक्याने बाहेर पडतो. बिडाचा मूळ मॅनिफोल्ड आतून खडबडीत असतो आणि त्यातली वळणं अवघड असतात. पोर्टिंग म्हणजे त्याची तोंडं गॅस्केटच्या मापाला जुळवून आतली बाजू गुळगुळीत करणं. वळणं मात्र तीच राहतात. हेडरमध्ये प्रत्येक सिलिंडरला वेगळा पाइप असतो आणि ते पाइप पुढे जाऊन एकत्र येतात. त्यामुळे एकाचा वायू दुसऱ्याला अडवत नाही. पण हेडरचा पत्रा पातळ, त्यामुळे तो लवकर गंजतो आणि आवाजही वाढतो.

१९६३ ची अबार्थ ५९५ बघा. छोट्या फियाट ५०० ची ताकद साधारण १८ हॉर्सपॉवर होती, ती २७ वर गेली. पण एकट्या एक्झॉस्टमुळे नाही. इंजिनाची सीसी वाढवली, कॉम्प्रेशन वाढवलं, कार्ब्युरेटर बदलला आणि त्याच्या जोडीला एक्झॉस्ट बदलला.

मग आपण काय करायचं?

इंजिन स्टॉक असेल तर मी हलकं पोर्टिंगच सुचवतो. गाडीचं मूळ रूप टिकतं. फक्त जपून घासा. बीड जास्त पातळ झालं तर तडकतं आणि जुन्या गाडीचा मॅनिफोल्ड पुन्हा मिळणं कठीण. कॅमशाफ्ट, कार्ब्युरेटर बदलणार असाल, तरच हेडरवर पैसे घाला.

अबार्थ स्वतः असाच पूर्ण विचार करायचे. १९६५ मध्ये मोंझाला विक्रम करताना अरुंद गाडीत मावावं म्हणून त्यांनी ३० किलो वजन उतरवलं! १९७१ मध्ये कंपनी फियाटकडे गेली आणि १९७९ मध्ये ते व्हिएन्नातच वारले. विंचवाचा लोगो आजही गाड्यांवर दिसतो.