सुताराचा मुलगा आणि गिटारची पेटी

गिटारसाठी हार्ड केस घ्यायला गेलो. दुकानदाराने साईझ विचारली आणि माझी विकेटच पडली! मग शोधता शोधता ख्रिश्चन फ्रेडरिक मार्टिन भेटला.

जन्म १७९६, जर्मनीतलं मार्कनॉयकिर्खेन गाव, घर सुताराचं. व्हिएन्नात तो गिटार बनवायला शिकला. पण गावी व्हायोलिनवाल्यांचा संघ आडवा आला. म्हणे, सुतारांनी वाद्यं करायची नाहीत! निकाल सुतारांच्या बाजूने लागला, तरी १८३३ मध्ये मार्टिन न्यूयॉर्कला गेला. पुढे पेनसिल्व्हेनियातल्या नाझरेथमध्ये कायमचा स्थिरावला.

त्याने गिटारींना साईझचे नंबर दिले. गंमत म्हणजे नंबर जितका मोठा तितकी गिटार लहान! १ नंबरची रुंदी जेमतेम पावणेतेरा इंच. त्या काळी या गिटारी लाकडी पेटीतून जात. पेटीचा आकार शवपेटीसारखा, म्हणून नाव पडलं 'कॉफिन केस'.

१८७३ मध्ये मार्टिन गेला. १९१६ मध्ये त्याच्या कंपनीने 'ड्रेडनॉट' काढली, रुंदी साडेपंधरा इंचांहून जास्त. तिच्या केसमध्ये १ नंबर ठेवली तर खडखडणारच! हलणारी गिटार केसमध्येसुद्धा फुटू शकते.

तेव्हा मित्रांनो, आधी टेप, मग केस. मीही आता मापं घेऊनच दुकानात जाणार!