भिंतीवरची नावे : सर सय्यद अहमद खान

वाचकहो, एखाद्या विद्यापीठाच्या आवारात पाऊल टाकले की सभागृहावर, ग्रंथालयावर, वसतिगृहावर कोणाचे ना कोणाचे नाव कोरलेले दिसते. आपण ते वाचतो आणि पुढे जातो. ते नाव तेथे कसे आले व त्यासाठी कोणी काय दिले, हे सहसा विचारीत नाही. अलीगढच्या भिंती मात्र याची उत्तरे देतात. म्हणून त्या भिंती उभारणारे सर सय्यद अहमद खान यांचे चरित्र या एका बाजूने आपल्यापुढे ठेवीत आहे.

सर सय्यद यांचा जन्म १७ ऑक्टोबर १८१७ रोजी दिल्लीत झाला. कंपनी सरकारच्या न्यायखात्यात ते नोकरीस लागले. दिल्लीत मुन्सफ असताना त्यांनी शहरातील जुन्या इमारती, मशिदी, कबरी व त्यांवरील शिलालेख यांचा अभ्यास केला. कुतुबमिनारावरील उंचावरचे लेख वाचण्यासाठी ते टांगलेल्या टोपलीत बसून वर जात. या परिश्रमातून १८४७ मध्ये ‘आसारुस्सनादीद’ हा ग्रंथ निघाला. पुढे १८५७ च्या धामधुमीनंतर दिल्लीतील अनेक इमारती पाडल्या गेल्या. दगडावरचे नावदेखील कायमचे नसते, हा धडा त्यांना असा डोळ्यांदेखत मिळाला.

१८५७ ने त्यांच्या घरावरही घाव घातला. त्यांच्या मातोश्री हालअपेष्टा सोसून त्याच वर्षी निवर्तल्या. खचलेल्या समाजाला आधुनिक विद्येवाचून तरणोपाय नाही, अशी त्यांची खात्री झाली. १८६४ मध्ये त्यांनी गाझीपूर येथे सायंटिफिक सोसायटी काढली. १८६९-७० मध्ये ते इंग्लंडला गेले, तेथील केंब्रिजची शिक्षणपद्धती त्यांनी पाहिली आणि परतल्यावर कामाला लागले. २४ मे १८७५ रोजी अलीगढला मदरसा सुरू झाला. ८ जानेवारी १८७७ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या हस्ते मोहमेडन अँग्लो-ओरिएंटल कॉलेजची कोनशिला बसली.

आता इमारतींची नावे पाहा. मुख्य सभागृह स्ट्रेची हॉल. जुन्या लष्करी छावणीची जमीन कॉलेजला मिळाली, ती सर जॉन स्ट्रेची हे त्या प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर असताना. त्याच्या एका बाजूस लिटन लायब्ररी, तर दुसऱ्या बाजूस निझाम म्युझियम. सालार मंझिल व आसमान मंझिल ही नावे हैदराबादच्या दिवाणांची आठवण देतात. म्हणजे ज्याच्याकडून जमीन, परवानगी किंवा मोठी रक्कम मिळाली, त्याचे नाव मोठ्या इमारतीला. कोणी याला सत्तेची खुशामत म्हणेल आणि त्यात तथ्यही आहे. परंतु सरकारची मर्जी राखल्याविना त्या काळी असे कॉलेज उभे राहणे कठीण होते, हेही विसरून चालणार नाही.

पण वाचकहो, खरी गोष्ट याच्या पुढे आहे. राजेरजवाड्यांच्या पैशावर सारे काम भागणारे नव्हते. सर सय्यद गावोगाव वर्गणीसाठी फिरले. १८८४ मध्ये त्यांनी पंजाबचा मोठा दौरा केला. त्यांनी पुस्तके विकली, सोडत काढली, प्रसंगी रंगमंचावरही उभे राहिले. कर्मठांनी त्यांच्यावर कुफ्रचे फतवे काढले, तरी त्यांचा हात पसरलेलाच राहिला. वर्गणी देणाऱ्याचे नाव दगडावर कोरायचे आणि रकमेप्रमाणे त्याची जागा ठरवायची, अशी त्यांची रीत होती. स्ट्रेची हॉलच्या भिंतींत आणि वसतिगृहाच्या खोल्यांवर अशा पाट्या आजही दिसतात. त्यांत हिंदू दात्यांचीही नावे आहेत. राजा जयकिशनदास हे तर त्यांचे जिवाभावाचे स्नेही आणि सहकारी होते. अशा रीतीने भिंत हीच वर्गणीची उघडी वही झाली. दिलेल्या पैशाचे काय झाले, हे दात्याला येऊन बोटाने दाखवता येत असे.

मात्र कॉलेजच्या नावात सर सय्यद यांचे स्वतःचे नाव नव्हते. अखेरची वर्षे क्लेशात गेली. १८९५ मध्ये कॉलेजच्या कचेरीतील कारकुनाने केलेली लाखावर रुपयांची अफरातफर उघडकीस आली. ज्याने पैन्‌पैची नोंद दगडावर ठेवली, त्याच्या कागदावरच्या हिशेबाला अशी वाळवी लागली. हा धक्का त्यांना फार लागला. २७ मार्च १८९८ रोजी त्यांचे निधन झाले आणि कॉलेजच्या मशिदीच्या आवारात त्यांना दफन करण्यात आले. १९२० मध्ये कॉलेजचे विद्यापीठ झाले, तेव्हाही नाव मिळाले ते अलीगढचे. जुन्या वसतिगृहांच्या समूहाला सर सय्यद हॉल हे नाव त्यांच्या पश्चात लाभले.

काळ बदलला तशी नावेही बदलली. लिटन लायब्ररीचा वारसा आता मौलाना आझाद लायब्ररी चालवते. तिची इमारत १९६० मध्ये पंडित नेहरूंच्या हस्ते खुली झाली. सर सय्यद यांनी मुलींच्या शाळेला अग्रक्रम दिला नव्हता. ती उणीव १९०६ मध्ये शेख अब्दुल्ला आणि त्यांच्या पत्नी वहीद जहाँ बेगम यांनी शाळा काढून भरून काढण्यास सुरुवात केली. मुलींचे अब्दुल्ला हॉल त्यांचीच आठवण देते. व्हाइसरॉयचे नाव ग्रंथालयावरून गेले, पण वर्गणीदारांच्या पाट्या जागच्या जागी राहिल्या.

आपल्याकडेही शाळेची नवी इमारत उभी राहिली की कोणाचे नाव द्यावे यावरून चर्चा रंगते, कधी मनेही दुखावतात. अशा वेळी सभासदांनी अलीगढची ती भिंत आठवावी. मोठ्या देणगीदाराचे नाव दर्शनी भागी जरूर लावावे. परंतु ज्या मजुराने एका दिवसाची रोजी दिली, ज्या आईने मुलीच्या शिक्षणासाठी बांगडी दिली, त्यांच्या नावांसाठीही आतल्या भिंतीवर जागा राखून ठेवावी. आणि ती नावे कोणत्या नियमाने लागणार, हे पहिली वीट बसण्यापूर्वीच सर्वांसमक्ष ठरवावे.