घर सोडलेला माणूस

मॅथ्समधले डी. डी. कोसंबी आपल्याला ऐकून माहीत असतात. मला मात्र त्यांच्या वडिलांविषयी जास्त कुतूहल! धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६, गोव्यातलं साखवाळ. शाळा जेमतेम. ‘बालबोधमेवा’ मासिकात बुद्धाचं चरित्र वाचलं आणि डोक्यात तेच बसलं. १८९९ मध्ये बायको बाळाबाई आणि लहानगी मुलगी मागे ठेवून निघाले. पुणे, काशी, नेपाळ करत श्रीलंकेला पोचले, १९०२ मध्ये भिक्षू झाले.

मेख इथेच आहे. बुद्ध सोडायला सांगतो ती तृष्णा, म्हणजे हे माझंच असा हट्ट. माणसं सोडली की तो सुटतोच का? बाळाबाईंनी ती वर्षं कशी काढली असतील, हे माझ्या डोक्यातून जात नाही. काही वर्षांनी धर्मानंदांनीच चीवर उतरवलं, संसारात परतले. १९०७ मध्ये डी. डी. जन्मले.

पुढे हार्वर्डला ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनावर वर्षानुवर्षं खपले. तिथली आवृत्ती निघाली १९५० मध्ये. हे तर १९४७ च्या जूनमध्येच सेवाग्रामला अन्नत्याग करून गेले होते. आदल्या वर्षीचा उपास गांधीजींच्या सांगण्यावरून सोडला होता; या वेळी नाही.